गळती वर की खाली?

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. ऑफिसात काहीतरी घडतं, आपण हादरतो, मग हसतो, चहा पितो आणि कामाला लागतो. ते डोक्यातून काढून टाकायचं तेवढं राहून जातं! असं थोडं थोडं राहत राहत एक दिवस लक्षात येतं, की डोक्यात दुसरं काही ठेवायला जागाच नाही. माझं सध्या तसं झालंय. म्हणून सांगून मोकळी होते.

आधी आमची मंडळी. ऑफिस वारज्यात, एका दुमजली बंगल्यात. हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी असतो ना मॉनिटर, तो आम्ही बनवतो. बोटाला चिमटा लावायचा, की स्क्रीनवर हृदयाचे ठोके. आत एक छोटा कॉम्प्युटर. खालच्या मजल्यावर कर्नलवाले, म्हणजे मशीनच्या पोटातलं काम बघणारे. त्यांचे प्रमुख सलीमभाई मुलाणी. वरच्या मजल्यावर युजर स्पेसवाले, म्हणजे डोळ्यांना दिसतं ते सगळं करणारे. तिथे मृणाल. मालक दातार सर, त्यांची केबिन दारापाशी, कारण कोण किती वाजता आलं ते दिसायला हवं! आणि मी टेस्टर. माझं टेबल जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, त्यामुळे दोन्हीकडची भांडणं मला फुकटात ऐकू येतात.

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. चालता चालता मशीनची मेमरी हळूहळू संपत होती. प्रोग्रॅम मेमरी घेतात आणि परत द्यायला विसरतात, त्याला गळती म्हणतात, एवढं मला माहीत होतं. पण गळती कर्नलमध्ये असो नाहीतर युजर स्पेसमध्ये, फरक काय पडतो, हे काही कळेना. सलीमभाईंना विचारलं.

ते म्हणाले, “तू सोसायटीत राहतेस ना? वरचे प्रोग्रॅम म्हणजे भाडेकरू. कितीही पसारा करू देत, भाडेकरू गेला की फ्लॅट रिकामा करून मिळतो. कर्नल म्हणजे सोसायटीचा जिना. तिथे कुणी मोडकी सायकल ठेवली, की ती कुणाची हे विचारायला कुणी येत नाही. ती तिथेच राहते.”

“मग जिना रिकामा कधी होतो?”

“बिल्डिंग पाडली की! म्हणजे मशीन रीस्टार्ट केलं की.”

“आणि जिना पूर्ण भरला तर?”

“मग नवा ठोका आणून ठेवायलाही मला जागा नाही. चिमट्याकडून काय येतंय ते मी वर पाठवूच शकत नाही.”

“पण समोर पेशंट असेल!”

“म्हणून तर शोधायचं,” सलीमभाई म्हणाले आणि डबा उघडला. माझी मात्र त्या दिवशी भूकच गेली. तोवर मी असल्या गळतीनं फार तर मोबाइल हँग होतो असं समजत होते.

*

तर गळती वर की खाली? आमच्या ऑफिसात ‘गुड मॉर्निंग’ऐवजी हेच विचारतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. वरचे सगळे प्रोग्रॅम एकदम बंद करायचे. मेमरी परत आली, तर गळती वरची. नाही आली, तर खालची. मृणालनं जिन्यात उभं राहून सगळ्यांसमोर जाहीर केलं, “माझ्या कोडमध्ये गळती निघाली तर वर्षभर चहा सोडेन!”

बंद केले प्रोग्रॅम. मेमरी अशी धबाधबा परत आली, की खालच्या मजल्यावर टाळ्या पडल्या!

मृणालचा प्रोग्रॅम मशीन सुरू झाल्यापासूनचा एकूण एक अलार्म जपून ठेवत होता. वाजून गेलेला, बंद केलेला, चुकून वाजलेला, सगळे.

सलीमभाईंनी विचारलं, “अगं, फेकून का नाही दिलेस?”

“असू देत म्हटलं. कधी लागले तर?”

तिच्या आईनं ओट्याखाली प्लास्टिकच्या पिशव्यांचा एवढा मोठा गठ्ठा जपून ठेवलाय, तो मी पाहिलाय. ही सवय सोर्स कोडपर्यंत पोचते हे मात्र मला नवीन होतं! दुसऱ्या दिवशी बाई कॉफीचा मग घेऊन जिना चढत होत्या. मी नुसतं बघितलं.

“चहा म्हटलं होतं मी,” मृणाल म्हणाली. “नीट आठव.”

तिनं ती गळती त्याच आठवड्यात बुजवली. पण एक गोष्ट मला खटकली होती. मेमरी धबाधबा आली खरी, पण सगळी नाही. थेंबभर राहिलीच.

“थेंबभर ना? ते तुझ्या मोजायच्या टूलचं असेल,” सलीमभाई म्हणाले.

*

मी त्या थेंबाचा पिच्छा सोडेना. शेवटी सलीमभाई चिडले. माणूस तसा शांत, पण खालच्या मजल्यावर गळती म्हटलं की त्यांचा अपमान होतो. त्यांनी पहारेकरी बसवला. म्हणजे कर्नलमध्ये असा कोड घातला, की मेमरीचा प्रत्येक तुकडा कुणी घेतला, कधी परत केला, यावर त्याची सतत नजर.

पहारेकरी बसला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत मेमरी साफ! नुसती संपली नाही, नेहमीच्या कितीतरी पट वेगानं संपली. वरचे प्रोग्रॅम बंद केले, तरी परत येईना. म्हणजे खालचीच!

वरचा मजला जिन्यात गोळा झाला. सलीमभाईंचा चेहरा पांढराफटक. इतकी वर्षं हा माणूस ‘कर्नल माझ्यावर सोपवा आणि निश्चिंत राहा’ असं म्हणत आलेला! दोन दिवस त्यांनी कोडची ओळन् ओळ तपासली. तिसऱ्या दिवशी चोर सापडला.

चोर म्हणजे तो पहारेकरीच! जे पाहिलं ते तो लक्षात ठेवत होता, विसरत काहीच नव्हता. सगळी मेमरी त्यानंच खाल्ली होती.

मी खरंच डोक्याला हात लावून बसले. मृणाल कॉफी ढवळत म्हणाली, “सलीमभाई, आता या पहारेकऱ्यावर एक पहारेकरी ठेवा.”

सलीमभाईंनी तिथल्या तिथे तो कोड काढून टाकला आणि तो विषयच नको म्हणाले. माझा थेंब राहिला तो राहिलाच.

*

दातार सरांना यातलं काही पटत नसे. “अहो, मेमरी संपते ना? मग जास्त घालू!” असं म्हणून ते मला घेऊन बुधवार पेठेत गेले. ऊन मी म्हणत होतं, गाडी लावायला जागा नाही, शेवटी कशीबशी लावून एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरलो. दुकानदार सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, “बोला.”

“ही मेमरी चिप आहे ना, याच्या दुप्पट हवी,” सर म्हणाले.

“का? हिला काय झालं?”

“भरते.”

“कशानं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ते शोधतोय अजून.”

दुकानदारांनी आता मान वर केली. “म्हणजे संडासची टाकी कुठे गळते माहीत नाही, म्हणून गच्चीवर दुसरी टाकी?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सर शांत. “बरं, दोन घेतल्या तर कमी कराल का?”

*

आता अब्बा. म्हणजे सलीमभाईंचे वडील. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, तेही असं, की त्यांचे विद्यार्थी अजून रस्त्यात त्यांना बघून शर्टाची बटणं लावतात. आमच्या मॉनिटरवर मराठी सूचना द्यायच्या ठरल्या, तेव्हा सलीमभाईंनी त्यांना एकदा ऑफिसात आणलं. बोटाचा चिमटा सुटला की स्क्रीनवर काय यायला हवं, असा प्रश्न होता. मृणालनं कुठूनतरी भाषांतर करून घातलं होतं: ‘बोट सापडत नाही’.

अब्बांनी चष्मा कपाळावर चढवला. “सापडत नाही? अहो, हृदयाचा पेशंट आहे. हे वाचून तो जागच्या जागी जाईल!”

दातार सर म्हणाले, “मग आपणच लिहा ना.”

अब्बा खिडकीशी जाऊन उभे राहिले. दहा शब्दसुद्धा लिहायचे नव्हते, पण चहा दोनदा झाला. मग त्यांनी सांगितलं, “लिहा. ‘चिमटा निघाला आहे. काळजी नसावी. पुन्हा लावावा.’”

ते वाक्य स्क्रीनवर पहिल्यांदा आलं, तेव्हा अब्बांनी चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. लहान मुलासारखे खूश झाले. जाताना मृणालला म्हणाले, “पूर्णविराम तेवढे काढू नका हं. पेशंटला तिथे श्वास घेता येतो.”

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपण करतो ते कुणाच्या तरी उशाशी जाणार आहे आणि ते वाचणारं खरंच कुणी असणार आहे.

*

मग एका डॉक्टरांना डेमो. ऐन वेळी स्क्रीनवरची रेषा मधेच क्षणभर गायब झाली, पुन्हा आली. डॉक्टरांचं लक्षही नव्हतं, पण दातार सर घामाघूम. ते गेल्यावर सरांनी वरच्या मजल्यावर जाऊन मृणालला फर्मावलं, “रेषा तुटता कामा नये. कोरी स्क्रीन बघितली की गिऱ्हाईक जातं!”

मृणालनं अर्ध्या तासात जमवलं. खालून नवा ठोका यायला उशीर झाला, तर तोवर मागचाच ठोका पुन्हा काढायचा. आणि आकडाही तोच ठेवायचा. दिसायला इतकं सुरेख झालं, की काय सांगू!

मी विचारलं, “आणि नवा आलाच नाही तर?”

“न यायला काय झालं?” मृणाल म्हणाली. “खाली माणसं बसलीयेत ना?”

हेच मी खाली जाऊन सलीमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, “स्क्रीनवर काय दाखवायचं हा वरचा प्रश्न. मी तिकडे कधी बघत नाही.”

मी जिन्यातल्या माझ्या टेबलापाशी उभी राहिले. वर बघितलं, खाली बघितलं. दोघंही आपापल्या जागी इतके बरोबर होते, की मला काय म्हणायचंय ते मलाच सांगता येईना.

*

सुरुवातीला मी टेस्टिंगला माझंच बोट चिमट्यात घालायचे नि काढायचे; मग ऑफिसात एक रबरी बोट आलं. परदेशातून आणलेलं, आत मोटर, अगदी माणसाच्या बोटासारखे ठोके देणारं. त्यावर चिमटा लावायचा आणि मशीन चालू ठेवायचं. सरांना त्याची इतकी काळजी, की वर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘रबरी बोटाचा चिमटा काढू नये. काढणाऱ्याने स्वतःचे बोट घालून दिवसभर बसावे.’ कोण काढतंय!

गणपती बसले तेव्हा आम्ही शेवटची, सगळ्यात लांब टेस्ट लावली. मशीन दसऱ्यानंतरही चालू ठेवायचं, मेमरी टिकली तर मशीन हॉस्पिटलात. माझा तो थेंब दिसतो का, याकडे माझं रोज लक्ष. दिसत नव्हता. पण टेस्ट संपेपर्यंत दिसेल अशी मला खात्री होती.

खंडेनवमीला मी ऑफिसात आले तर सगळीकडे उदबत्तीचा वास. दातार सर सोवळ्यात. टेबलावर स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, प्रिंटर, सगळ्यांना हळद-कुंकू. आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, आमचं टेस्टचं मशीन. बंद!

सलीमभाई मागून आले, बघितलं आणि खुर्चीत बसले.

“सर,” ते म्हणाले, “पूजा चालू मशीनची नाही का करता येत?”

“चालू मशीनला ओलं कुंकू? शॉक बसला म्हणजे? आणि वर्षातून एक दिवस त्यालाही विश्रांती नको?”

एवढ्यावर संपलं असतं तर ठीक. पण आरतीनंतर सरांनी स्वतः मशीन सुरू केलं आणि मेमरी बघितली. रीस्टार्ट झालेलं मशीन, मेमरी मोकळीच असणार! सरांचे डोळे भरून आले.

“बघा! सगळी जागा परत आली! पाठवा हॉस्पिटलात!”

मी तोंड उघडलं. सरांनी त्यात पेढा घातला.

*

आता शेवटचा.

वारज्यातल्याच एका छोट्या हॉस्पिटलनं आमचं मशीन चाचणीसाठी घेतलं. त्याच सुमारास अब्बांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. धोका टळला होता, पण डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस ठोक्यांवर नजर हवी, काही फरक पडला तर लगेच कळायला पाहिजे. सलीमभाईंनीच हट्ट धरला, “अब्बांच्या उशाशी आपलं मशीन लावा. दुसऱ्या कुठल्या मशीनच्या पोटात काय आहे, मला काय माहीत?”

रविवारी दुपारी भेटायच्या वेळेला आम्ही गेलो. सलीमभाई, मृणाल, दातार सर आणि मी. सरांच्या हातात शहाळं. दारातच सिस्टर भेटल्या. हसत म्हणाल्या, “तुमचे मुलाणी सर फार गोड आहेत हो. जेवायला चिमटा काढतात, नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला काढतात. आणि कुणी भेटायला आलं की मुद्दाम काढतात!”

“मुद्दाम कशाला?” सलीमभाईंनी विचारलं.

“स्क्रीनवर ते वाक्य येतं ना, त्यांनी लिहिलेलं? सगळ्या वॉर्डला दाखवून झालंय. परवापासून किती वेळा काढला नि लावला असेल, देवाला ठाऊक! शाळेचे जुने विद्यार्थी तर काल रांगेनं आले होते.”

आम्ही हसलो. सलीमभाईंना मनातून अभिमान वाटत होता, दिसत होतं ते.

खोलीत पडदा अर्धा ओढलेला. आत पलंगावर चादर डोक्यापर्यंत. वर आमचं मशीन. बहात्तर. रेषा एका लयीत, कुठे खंड नाही. मृणालनं माझा हात दाबला. इतक्या दिवसांच्या वर-खालीनंतर आपलं मशीन खऱ्या माणसाच्या उशाशी असं चालताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

“झोपलेत. उठवू नका,” सलीमभाई कुजबुजले. किती दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले होते. “बघा ना, कसं शांत चाललंय.”

“कॅटलॉगला हाच फोटो,” सर कुजबुजले आणि फोन काढला.

“कोण झोपलंय?” मागून आवाज आला.

आम्ही वळलो. दारात अब्बा उभे होते. एका हातात चहाचा कप, दुसरा हात भिंतीला. चेहरा घामानं डबडबलेला.

मी पलंगाकडे पाहिलं. चादरीखाली दोन उशा होत्या. चिमटा पलंगाच्या कडेला लोंबत होता.

“चादर उशांवर टाकून जरा पाय मोकळे करायला गेलो,” अब्बा म्हणाले. “पण जिन्यापाशी धडधड फार व्हायला लागली. बसलो तिथेच. म्हटलं, चिमटा निघालाय, मशीन सिस्टरला सांगेलच.”

सिस्टर व्हीलचेअर आणायला धावल्या. सलीमभाईंनी अब्बांना धरून खुर्चीत बसवलं. अब्बांनी चष्मा नीट केला, स्क्रीनकडे बघितलं.

“सकाळपासून माझं वाक्य येत नाहीये, मृणाल. काढून टाकलंत का? मी म्हटलं, कुणीतरी सुधारलं असेल.”

चिमटा काढला-लावला की सलीमभाईंच्या जिन्यात एक थेंब साठत होता, माझा थेंब तोच; आणि रबरी बोटाचा चिमटा आम्ही कधी काढलाच नव्हता! दातार सरांचा फोन तसाच हवेत.

सलीमभाईंनी तो लोंबणारा चिमटा उचलला आणि स्वतःच्या बोटाला लावला. त्यांच्या मानेची शीर उडताना मला लांबून दिसत होती. आम्ही सगळे वर बघत राहिलो.

बहात्तर.

“अजून माझेच दाखवतंय का रे?” अब्बांनी विचारलं.